एकही गोळी न झाडता मिळालेले पदक

सैनिकाच्या छातीवर शौर्याचे पदक दिसले, की ते शत्रूवर गोळ्या झाडूनच मिळाले असणार असे आपण गृहीत धरतो. २०१७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या उत्तरार्धात दक्षिण कोरियाच्या तीन सैनिकांना अमेरिकी लष्कराचे ‘आर्मी कमेंडेशन मेडल’ देण्यात आले, ते मात्र शस्त्र हाताशी असूनही एकही गोळी न झाडता केलेल्या कामगिरीबद्दल. त्यांच्यासमवेत तीन अमेरिकी सैनिकांचाही याच पदकाने गौरव झाला. पदके दिली ती कोरियातील अमेरिकी फौजांचे तत्कालीन सर्वोच्च सेनापती जनरल व्हिन्सेंट ब्रूक्स यांनी. आपल्याच देशाच्या सीमेवर, आपलीच भाषा बोलणाऱ्या एका जखमी माणसाला वाचवल्याबद्दल कोरियन सैनिकांचा सन्मान परदेशी सेनापतीने परदेशी पदक देऊन करावा, हा प्रसंग वरवर पाहता साध्या समारंभाचा वाटतो. वस्तुतः कोरियन द्वीपकल्पावर गेली सात दशके जे त्रांगडे होऊन बसले आहे, ते सारे या छोट्या पदकात सामावलेले आहे.

घटना १३ नोव्हेंबर २०१७ च्या दुपारची. उत्तर आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सुमारे चार किलोमीटर रुंदीच्या निर्लष्करी पट्ट्यात पानमुनजोम नावाचे ठिकाण आहे. तेथील ‘संयुक्त सुरक्षा क्षेत्र’ ही दोन्ही बाजूंचे पहारेकरी एकमेकांसमोर उभे राहण्याची एकमेव जागा. निळ्या रंगाच्या बैठ्या खोल्या, त्यांच्यामधून गेलेली सिमेंटची हातभर रुंदीची पट्टी, आणि या पट्टीच्या अल्याड-पल्याड ताठ उभे असलेले सैनिक, हे छायाचित्र वृत्तपत्रांच्या वाचकांनी अनेकदा पाहिलेले असेल. त्या दुपारी सव्वातीनच्या सुमारास उत्तरेकडून एक लष्करी जीप भरधाव आली. १९७६ नंतर उत्तर कोरियाने बांधलेला ‘बहात्तर तासांचा पूल’ तिने ओलांडला, पण सीमारेषेपासून अगदी थोड्या अंतरावर तिचे चाक गटारात अडकले. चालक ओ चोंग-सोंग हा उत्तर कोरियाचाच सैनिक. तो गाडीतून उडी मारून दक्षिणेच्या दिशेने धावत सुटला. मागून आलेल्या चार उत्तर कोरियन सैनिकांनी पिस्तुले आणि रायफलींमधून सुमारे चाळीस गोळ्या झाडल्या. त्यांपैकी एकजण आवेगात सीमारेषा ओलांडून काही पावले दक्षिणेकडे आला आणि भानावर येऊन मागे फिरला.

ओ याला चार-पाच गोळ्या लागल्या होत्या. सीमारेषेच्या दक्षिणेला सुमारे पन्नास मीटरवर एका भिंतीच्या आडोशाला, पानगळीच्या ढिगात तो कोसळला. दक्षिणेच्या पहारेकऱ्यांना तो नेमका कोठे पडला आहे हे कळायलाच सुमारे पंधरा मिनिटे लागली. उष्णतेचा वेध घेणाऱ्या कॅमेऱ्यामुळे अखेर त्याचा ठावठिकाणा लागला. समोर उत्तर कोरियाचे सशस्त्र सैनिक जमू लागले होते. तो पडला होता ती जागा त्यांच्या माऱ्याच्या टप्प्यात होती. अशा स्थितीत दक्षिण कोरियाच्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल क्वोन यंग-ह्वान हे दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांना घेऊन निघाले. ते दोघे जमिनीवर सरपटत जखमी सैनिकापर्यंत पोहोचले, त्याला ओढत मागे आणले आणि तेथून त्याला अमेरिकी हेलिकॉप्टरने सुवोन शहरातील अजू विद्यापीठाच्या रुग्णालयात हलवण्यात आले. हेलिकॉप्टरमध्ये त्याचा श्वास चालू ठेवण्याचे काम अमेरिकी वैद्यकीय पथकाने केले. पदके सहाजणांना मिळाली, ती तीन कोरियन आणि तीन अमेरिकी, ती यामुळेच.

रुग्णालयातील कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २०११ मध्ये सोमाली चाच्यांच्या तावडीतून सुटलेल्या जहाजाच्या कप्तानाला वाचवणारे शल्यविशारद ली गुक-जोंग यांनीच ओ याच्यावरही शस्त्रक्रिया केल्या. त्याच्या आतड्यातून सत्तावीस सेंटिमीटरपर्यंत लांबीचे जंत निघाले. सीमेवर तैनात असलेल्या, म्हणजे इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत ठेवल्या जाणाऱ्या सैनिकाची ही अवस्था! डॉक्टरांनी हा तपशील जाहीर करावा की नाही यावरून दक्षिण कोरियात वाद झाला, तो अगदीच निरर्थक नव्हता. पण आपला विषय पदकाचा आहे.

अमेरिकी पदकांच्या उतरंडीत ‘आर्मी कमेंडेशन मेडल’चे स्थान फार वरचे नाही. सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार ही पदके त्याच्या कितीतरी वर आहेत. मित्रराष्ट्रांच्या सैनिकांनाही ते देता येते आणि दिलेही जाते. तेव्हा प्रश्न पदकाच्या मोलाचा नाही. ते अमेरिकेने का दिले, हा आहे. आणि त्याचे उत्तर शिष्टाचारात नसून अधिकारात दडलेले आहे. पानमुनजोमच्या संयुक्त सुरक्षा क्षेत्रात पहारा देणारा कोरियन सैनिक सोलच्या संरक्षण मंत्रालयाच्या हुकमावर बंदूक चालवू शकत नाही. तो ‘संयुक्त राष्ट्र कमांड’च्या नियंत्रणाखाली असतो आणि या कमांडचा प्रमुख अमेरिकेचा सेनापती असतो.

ही व्यवस्था समजून घ्यायची तर १९५० पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जूनमध्ये उत्तर कोरियाच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. सोव्हिएत प्रतिनिधीच्या बहिष्कारामुळे सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरायला कोणी नव्हते. ७ जुलै १९५० च्या ठरावाने अमेरिकेच्या नेतृत्वाखाली एक संयुक्त कमांड स्थापन झाली आणि तिला संयुक्त राष्ट्रांचा ध्वज वापरण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या संपूर्ण सैन्याचे नियंत्रण जनरल मॅकार्थर यांच्या हाती सोपवले. तीन वर्षांनी, २७ जुलै १९५३ रोजी, शस्त्रसंधी झाली तेव्हा तिच्यावर संयुक्त राष्ट्र कमांडने सही केली, उत्तर कोरियाने आणि चिनी स्वयंसेवक सैन्याने केली. दक्षिण कोरियाने केली नाही. ऱ्ही यांना विभाजन मान्यच नव्हते. त्या हट्टाची किंमत त्यांचा देश आजही मोजतो आहे. शस्त्रसंधीच्या पालनाची जबाबदारी कागदोपत्री संयुक्त राष्ट्र कमांडकडे राहिली, आणि ज्याच्या घरात हे सारे घडले तो सह्या करणाऱ्यांच्या यादीबाहेर राहिला.

पुढे काही बदल झाले. शांततेच्या काळातील सैन्यनियंत्रण १ डिसेंबर १९९४ रोजी सोलकडे परत आले. पानमुनजोमचा पहारा १ नोव्हेंबर २००४ पासून प्रामुख्याने कोरियन सैनिकांकडे सोपवण्यात आला आणि तेथील तुकडीत आता बहुसंख्य सैनिक कोरियनच असतात. परंतु गणवेश कोरियन झाला तरी आदेशाची साखळी बदलली नाही. युद्धकाळातील नियंत्रण तर अद्याप अमेरिकी सेनापतीच्या नेतृत्वाखालील संयुक्त सेनाप्रमुख कार्यालयाकडेच आहे. ते २०१२ मध्ये हस्तांतरित करायचे ठरले होते. मग २०१५ ही तारीख आली. २०१४ मध्ये तारीखच काढून टाकण्यात आली आणि ‘आवश्यक त्या अटी पूर्ण झाल्यावर’ अशी शब्दयोजना करण्यात आली. सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो, हे आपल्याकडील वाचकांना वेगळे सांगायला नको.

म्हणूनच १३ नोव्हेंबरच्या घटनेनंतर दक्षिण कोरियात जो प्रश्न सर्वाधिक चर्चिला गेला, तो जखमी सैनिकाच्या प्रकृतीचा नव्हता. चाळीस गोळ्या आपल्या दिशेने आल्या, शत्रूचा एक सैनिक आपल्या हद्दीत पाऊल टाकून गेला, आणि आपल्या बाजूने एकही गोळी का सुटली नाही, हा तो प्रश्न होता. राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी स्वतःच या नियमांबद्दल शंका उपस्थित केली. गोळ्या आपल्यावर नेम धरून झाडलेल्या नसल्या, तरी त्या आपल्या हद्दीत येऊन पडल्यावर निदान इशाऱ्यादाखल गोळीबार व्हायला हवा, अशीच सर्वसामान्य नागरिकाची कल्पना असेल, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. मून हे वाटाघाटींचे पुरस्कर्ते, उत्तरेशी सलोखा साधू पाहणारे नेते. त्यांच्या तोंडी हा प्रश्न यावा, यावरून जनमताचा रेटा किती होता याची कल्पना येते. राष्ट्राध्यक्षाने नियम बदलण्याची इच्छा व्यक्त करावी आणि तो बदल करण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याकडे असावा, अशी ही चमत्कारिक स्थिती होती.

संयुक्त राष्ट्र कमांडची बाजू वेगळी होती. २२ नोव्हेंबर रोजी तिने चौकशीचे निष्कर्ष आणि कॅमेऱ्यांतील चित्रणही जाहीर केले. उत्तर कोरियाने शस्त्रसंधीचा दोनदा भंग केला, एकदा सीमारेषेपलीकडे गोळीबार करून आणि एकदा रेषा ओलांडून, असा तिचा ठपका होता. दक्षिणेच्या पहारेकऱ्यांनी मात्र संयम राखून परिस्थिती योग्य रीतीने हाताळली, असे मत कमांडने दिले. कमांडच्या नियमांनुसार पहारेकऱ्याने गोळी झाडण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार करायचा असतो. आपल्या माणसांच्या जिवाला थेट धोका आहे काय, आणि आपण गोळी झाडल्याने संघर्ष भडकणार तर नाही ना.

त्या महिन्याचे वातावरण लक्षात घेतले, की दुसऱ्या प्रश्नाचे गांभीर्य उमगते. उत्तर कोरियाने ३ सप्टेंबर २०१७ रोजी सहावी अणुचाचणी केली होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आणि किम जोंग-उन यांच्यात शाब्दिक चकमकी चालू होत्या. पानमुनजोमच्या घटनेच्या जेमतेम पाच दिवस आधी ट्रम्प आणि मून त्याच निर्लष्करी पट्ट्याकडे हेलिकॉप्टरने निघाले होते, आणि दाट धुक्यामुळे ती भेट बारगळली. महिना संपण्यापूर्वी उत्तरेने अमेरिकेच्या मुख्य भूमीपर्यंत पोहोचू शकेल असे क्षेपणास्त्रही डागून दाखवले. अशा वेळी पानमुनजोममध्ये दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू झाला असता, तर तो कोठे थांबला असता हे सांगणे अवघड आहे. जनरल ब्रूक्स यांनी पदके दिली, तेव्हा त्यांनी सैनिकांचे कौतुक केलेच; शिवाय ‘गोळी न झाडण्याचा’ आमचा नियमच बरोबर होता, हेही अप्रत्यक्षपणे सोलच्या राज्यकर्त्यांना सांगून टाकले. पदकाचा हा अर्थ समारंभाच्या बातम्यांमध्ये फारसा आला नाही.

तेहतीस वर्षांपूर्वी याच जागी, याच महिन्यात, नेमके याच्या उलट घडले होते. २३ नोव्हेंबर १९८४ रोजी उत्तरेकडून पर्यटकांच्या गटासोबत आलेला वासिली मातुझोक हा सोव्हिएत तरुण अचानक सीमारेषा ओलांडून दक्षिणेकडे पळाला. उत्तरेचे सैनिक गोळ्या झाडत त्याच्या मागे दक्षिणेच्या हद्दीत शिरले. त्या वेळी दक्षिणेच्या पहारेकऱ्यांनी प्रत्युत्तर दिले. चकमक अर्ध्या तासाहून अधिक चालली. उत्तर कोरियाचे तीन सैनिक ठार झाले, एक अमेरिकी जखमी झाला आणि अमेरिकी तुकडीत सेवा बजावणारा जांग म्योंग-गी हा कोरियन सैनिक प्राणास मुकला. मातुझोक बचावला. त्या चकमकीत तुकडीचे नेतृत्व करणारे कॅप्टन बर्ट मिझुसावा यांना सिल्व्हर स्टार मिळाले, पण बऱ्याच वर्षांनी. कोरियात ‘शस्त्रसंधी’ आहे, युद्ध नाही, तेव्हा तेथील लढाईला लढाई म्हणायचे की नाही याच घोळात अमेरिकी लष्कर प्रदीर्घ काळ अडकले होते. जांग म्योंग-गी याचे स्मारक पानमुनजोमच्या परिसरात उभे आहे. दोन्ही प्रसंगांत पळून येणारा माणूस वाचला. परंतु १९८४ मध्ये त्यासाठी चार जीव गेले आणि २०१७ मध्ये एकही गेला नाही. मून यांच्या प्रश्नाला याहून अधिक परखड उत्तर कोणी दिले नसेल.

असे असले तरी प्रश्न संपत नाही. कोण्या देशाने आपल्या सैनिकाला संयमाचा आदेश देणे ही एक गोष्ट, आणि तो आदेश दुसऱ्या देशाच्या सेनापतीने देणे ही दुसरी. त्याच निर्लष्करी पट्ट्यात अन्यत्र पहारा देणारे दक्षिण कोरियाचे सैनिक आपल्याच सेनाप्रमुखांच्या नियमांनुसार वागतात, आणि ते नियम कितीतरी कडक आहेत. ३ मे २०२० रोजी उत्तरेच्या बाजूने दक्षिणेच्या एका चौकीवर चार गोळ्या आल्या. दक्षिणेने दोन फैरींत तीस गोळ्या झाडून उत्तर दिले. संयुक्त राष्ट्र कमांडने चौकशी करून निष्कर्ष काढला, की दोन्ही बाजूंनी शस्त्रसंधीचा भंग केला. सोलच्या संरक्षण मंत्रालयाने जाहीर खेद व्यक्त केला. एकाच सीमेवर, एकाच देशाच्या सैनिकांपैकी काहीजण गोळी न झाडल्याबद्दल पदक मिळवतात आणि काहीजण गोळी झाडल्याबद्दल ठपका, असे चित्र त्यामुळे उभे राहिले. दोन्ही निवाडे देणारी संस्था मात्र एकच.

येथे एका मराठी सेनापतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची देखरेख करण्यासाठी भारताची एक फौज सप्टेंबर १९५३ ते फेब्रुवारी १९५४ या काळात याच निर्लष्करी पट्ट्यात, पानमुनजोमजवळ तळ ठोकून होती. या फौजेचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला होता, त्यामुळे त्यांना हेलिकॉप्टरने थेट पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा थोरात निःशस्त्र अवस्थेत कैद्यांच्या गोटात शिरले आणि त्याची सुटका करून घेतली. त्या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन, म्हणजे आजचे कीर्तिचक्र मिळाले. तेही गोळी न झाडता मिळालेले पदकच. फरक इतकाच, की भारताची फौज आंतरराष्ट्रीय जबाबदारीवर गेलेली असली तरी तिचा सेनापती भारतीय होता आणि पदक देणारे सरकारही भारताचेच. हुकूम ज्याचा, पदक त्याचे, हा लष्करी जगातील अलिखित व्यवहार आहे. त्या न्यायाने पानमुनजोमच्या कोरियन सैनिकांना अमेरिकी पदक मिळणे यात विसंगती काहीच नव्हती. विसंगती होती ती हुकमाच्या मालकीत.

सोलच्या सरकारनेही हे ओळखले असावे. १ डिसेंबर २०१७ रोजी मून यांनी पानमुनजोमच्या सैनिकांना आणि डॉ. ली यांना राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी चहापानासाठी बोलावले. स्वतः मून हे तरुणपणी ज्या विशेष दलात होते, ते दल १९७६ च्या ऑगस्टमध्ये पानमुनजोमच्या कारवाईत सहभागी होते. एका पॉप्लरच्या झाडाची छाटणी करताना उत्तर कोरियाच्या सैनिकांनी दोन अमेरिकी अधिकाऱ्यांना कुऱ्हाडीने मारले होते आणि तीन दिवसांनी प्रचंड फौजफाट्यात ते झाड तोडण्यात आले होते. त्यामुळे या जागेचा इतिहास त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. दरम्यान, सुटकेच्या वेळी तुकडीप्रमुख नेमका किती पुढे होता, चित्रणात दोघेच सरपटताना का दिसतात, यावर तेथील माध्यमांत बरीच चिरफाड झाली. आपल्याकडील वृत्तवाहिन्या पाहणाऱ्यांना हेही ओळखीचे वाटेल. जखमी माणूस जिवंत परत आला होता, हे त्या गदारोळात काहीसे मागे पडले.

नंतरच्या काळात पानमुनजोमने आशा आणि निराशा दोन्ही पाहिल्या. २७ एप्रिल २०१८ रोजी किम आणि मून हात धरून ती सिमेंटची पट्टी ओलांडून गेले. १९ सप्टेंबर २०१८ च्या लष्करी करारानुसार त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर संयुक्त सुरक्षा क्षेत्रातून सर्व शस्त्रे काढून घेण्यात आली. ओ याच्या पाठीवर ज्यांतून गोळ्या आल्या, तशी शस्त्रे तेथे उरलीच नाहीत, असे काही काळ म्हणता येत होते. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरेने हेरगिरी उपग्रह सोडला, दक्षिणेने कराराचा काही भाग स्थगित केला, उत्तरेने तो पूर्णपणे झुगारला आणि महिना संपण्यापूर्वी उत्तरेचे पहारेकरी पुन्हा कमरेला पिस्तूल लावून उभे राहिले. जून २०२४ मध्ये दक्षिणेनेही करार संपूर्णपणे स्थगित केला. त्याच महिन्यात पट्ट्यातील अन्य ठिकाणी काम करणारे उत्तर कोरियन सैनिक एकाहून अधिक वेळा सीमारेषा ओलांडून आले आणि दक्षिणेच्या सैन्याने इशाऱ्यादाखल गोळ्या झाडल्या. २०१७ मध्ये मून यांना अपेक्षित होते, तसेच. फक्त ते पानमुनजोमच्या बाहेर घडले, जेथे हुकूम सोलचा चालतो.

जून २०२५ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष ली जे-म्योंग यांनी युद्धकाळातील सैन्यनियंत्रण आपल्या कारकिर्दीत परत मिळवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साध्य झाले तरी पानमुनजोमचा प्रश्न आपोआप सुटणार नाही, कारण तेथील अधिकाराचा उगम या नियंत्रणात नसून १९५३ च्या शस्त्रसंधीत आहे. तिची जागा घेणारा शांतता करार होत नाही, तोवर त्या निळ्या खोल्यांसमोर उभ्या असलेल्या कोरियन तरुणाने बोट चापावर ठेवायचे की नाही, हे अमेरिकी सेनापतीच्या नियमपुस्तिकेवरूनच ठरत राहील.